तुझ्या वेडर्सची घडी

मावशी, तुझ्या नव्या वेडर्सवरचा टॅग कालपर्यंत तसाच होता.

हॅरोच्या घरात, जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे ते होते. दुकानातून आणले त्याच खोक्यात, वरखाली पातळ कागद आणि मधे कारखान्यात घातलेली कडक घडी. शेजारच्या खुंटीला तुझे जुने वेडर्स उलटे टांगलेले होते, पाय वर, छाती खाली, गुडघ्यांवर माझी ठिगळं. तू गेल्यावर तुझ्या लेकीने, नीनाने, घर आवरायला घेतलं. आईच्या साड्या तिने आवरल्या, स्वेटर आवरले, औषधं फार्मसीत परत नेऊन दिली. या कपाटाशी आल्यावर मात्र तिचे हात थांबले आणि तिने मला फोन केला. "तू ये ना. मम्मीचा फिशिंगचा सगळा सामान मला काय कळत नाही."

मी केंब्रिजहून आले. खोकं उघडलं, वरचा कागद बाजूला केला, आणि परत लावून टाकला.

तुला आठवतं, माझ्या आईला फोनवर वेडर्स म्हणजे काय हे समजावताना माझी काय गत झाली होती? छातीपर्यंत येणारी वॉटरप्रूफ तुमान, मी सांगितलं, पायमोज्यांसकट एकसंध शिवलेली, खांद्यावरून पट्टे. वरून जाड बूट घालायचे आणि नदीत उतरायचं. थंड पाण्यात तासन्‌तास उभं राहून मासे धरायचे, पाणी आत येत नाही. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशींचं वय काय? आणि काठावर बसून नाही का धरता येत?" तू शेजारी कांदा चिरत होतीस. हातातली सुरी खाली ठेवून तू हसत बसलीस. "रिसोडच्या माणसांना पाणी पिण्यापुरतंच माहीत," म्हणालीस.

ते खरंच होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला विहीर होती आणि तिच्यात वाकून बघितलं की आई पाठीत धपाटा घालायची. पाणी म्हणजे खोल, अंधारी, जवळ जायचं नाही अशी जागा, एवढंच मी लहानपणी शिकले. बाकीचं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, मग अमरावतीला. बाबांचं बसस्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात बी.एस्सी. झालेली पहिली मी, आणि विमानात बसलेलीही पहिली मीच. लंडनच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला तेव्हा राहायचं कुठे, हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणाच्या तरी ओळखीच्या ओळखीतून तुझं नाव आलं. शैलामावशी, रिटायर्ड नर्स, हॅरोला एकट्याच राहतात, वरची खोली रिकामी आहे.

मी बॅगा घेऊन दारात उभी राहिले तर दार उघडायला तू आलीस ती खांद्यावर पट्टे, छातीपर्यंत हिरवट रबरी काहीतरी, आणि हातात ओलं जाळं. मला वाटलं, मी चुकीच्या घरी आले. "ये ये," तू म्हणालीस, "मी हे गळतंय का बघत होते. जेवलीस का?"

पहिले काही महिने मी तुला अहो-जाहो करत होते. तुम्ही बसा, तुम्ही राहू द्या, मी भांडी घासते. एकदा तू नदीत उभी होतीस आणि मी काठावर. मी काहीतरी विचारलं तशी तू मागे वळून ओरडलीस, "अगं, मावशी म्हणतेस आणि तुम्ही म्हणतेस? परत म्हणालीस ना, तर बाहेर येऊन आत ओढीन." एवढी धमकी मला पुरली. तेव्हापासून तू.

ती नदी तरी केवढी. आमच्याकडे तिला ओढा म्हटलं असतं. मेट्रोपॉलिटन लाइनने शेवटच्या स्टेशनाकडे जायचं, डब्यात लोक कामावरून थकलेले नाहीतर खरेदीच्या पिशव्या घेतलेले, आणि त्यांच्यात आपण दोघी, लांब गळ, जाळं आणि रबराचा वास मारणारी तुझी पिशवी घेऊन. एकदा समोरच्या आजोबांनी "एनी लक?" असं विचारलं. तू गंभीरपणे म्हणालीस, "अजून हॅरोपर्यंतच आलेय." चेस नदीला पोहोचलं की तू कुंपण ओलांडून, काटेरी झुडपं बाजूला सारून काठाशी जायचीस, बूट बांधायचीस, आणि मग तुझ्या चेहऱ्यावर एक वेगळीच शांतता यायची. घरात ती मी कधी पाहिली नाही.

तू दाभोळच्या खाडीकाठची. ओहोटी लागली की परकर खोचून आईबरोबर चिखलात उतरायचं आणि तिसऱ्यांचे शिंपले वेचायचे, हे तू कितीदा सांगितलं असशील. मग नर्सिंग, मग हा देश, मग सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरच्या दिव्याखाली. "इतकी वर्षं माझ्या पायाला फक्त नळाचं पाणी लागलं," तू म्हणायचीस. काका गेले, तू रिटायर झालीस, आणि एका दुपारी फिरायला म्हणून गेलीस तर नदीत कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात उभं होतं. तू तिथेच ठरवलंस.

आपले वाद आठवतात. गळाला लागलेली ट्राउट परत पाण्यात सोडायची, हा तुझ्या क्लबचा नियम मला कधी पटला नाही. खायचं नाही तर त्या बिचाऱ्याच्या तोंडात काटा घालायचाच कशाला? तू म्हणायचीस, "माझी आई वरून बघत असेल ना, तर कपाळावर हात मारून घेत असेल. एवढा मासा आणि सोडून दिला!" पण सोडताना मात्र तू तो मासा दोन्ही हातांत धरून प्रवाहाकडे तोंड करून ठेवायचीस, त्याला दम येईपर्यंत. शुद्धीवर येणाऱ्या पेशंटजवळ थांबावं तशी. मी तुला शेवटपर्यंत उत्तर मागत राहिले आणि तू शेवटपर्यंत दिलं नाहीस.

बदकांच्या बाबतीत तसं नव्हतं. गळांच्या दुकानाचा मालक कीथ हिवाळ्यात दलदलीवर बदकांच्या शिकारीला जायचा आणि येताना एखादी जोडी तुझ्यासाठी पिशवीत घालून द्यायचा. तू मागच्या अंगणात स्टुलावर बसून पिसं काढायचीस, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण घालून रस्सा करायचीस. पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली कडकन छर्रा आला. मी दचकले. तू वाटी पुढे केलीस, मी तो त्यात टाकला, टण्‌ आवाज झाला. "थांब," तू म्हणालीस, "सगळे निघाल्याशिवाय पेशंट शिवायचा नाही." नीना त्या दिवशी घरी होती. ती म्हणाली, "मम्मी, दॅट इज सो ग्रॉस," आणि रस्सा मात्र दोनदा वाढून घेतला.

तुझे ते जुने वेडर्स कीथकडूनच घेतलेले, कुणा उंच माणसाने वापरून झालेले. तुला ते इतके लांब होते की चालताना मांड्यांमध्ये कापड घासायचं आणि शिवण झिजायची. दर दोनचार फेऱ्यांनी कुठेतरी गळती. मग आपलं ठरलेलं भांडण. तू थिएटरची सिस्टर. तू ते आतून बाहेर उलटे करायचीस, स्पिरिटची स्प्रे बाटली घेऊन कापडावर फवारायचीस आणि भिंगातून बघायचीस. जिथे भोक असेल तिथे काळा ठिपका उमटतो. मी सायकलवाल्याची मुलगी. मी म्हणायचे, पाणी भरून बघू, गळेल तिथे बोट ठेवू, बाबा ट्यूब घमेल्यात बुडवतात तसंच उलट. बाथटबवर वेडर्स टांगून मी नळ सोडला होता, आठवतंय? सगळी बाथरूम भिजली आणि गळती सापडली ती तुझ्या ठिपक्याच्या बरोब्बर शेजारी. दोघींनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं.

ठिगळ मात्र तू माझ्यावर सोपवायचीस. आधी सँडपेपरने घासायचं, मग सोल्यूशनचा पातळ हात, ते सुकून बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ, आणि वरून दाब. एकदा व्हिडिओ कॉलवर बाबांना ते दाखवलं. बाबांनी चष्मा पुसला, पुढे वाकले आणि म्हणाले, "ट्यूब बरीच मोठी आहे." मग विचार करून, "गुडघ्याला आतून गेटर टाका ताई, काळजी मिटेल." तू खरंच आतून जाडसर दुसरं कापड लावून घेतलंस. कीथला सांगितलंस, "माय कन्सल्टंट इन इंडिया." ज्या बाबांना माझ्या कॉलेजात गेल्यावर कुठे बसावं कळत नव्हतं, त्यांना तू कन्सल्टंट केलंस. त्यांनी ते सगळ्या बसस्टँडला सांगितलं. तुला हे मी कधी बोलले नाही, पण तू माझ्यासाठी केलेल्या सगळ्या गोष्टींत मला ती सर्वांत मोठी वाटते.

दुसरी मोठी गोष्ट साडीची. मास्टर्सच्या पदवीदानाला मी काय घालणार हे तू विचारलंस आणि मी सांगितलेलं ऐकून तुझा चेहरा पडला. तू वर गेलीस आणि हिरवी इरकल घेऊन आलीस, कोरी, दुकानाची घडी न उलगडलेली. "ही नेस. तू घडी मोड."

मी नको नको म्हणाले. तुझी नवी साडी, तू एकदाही नेसली नाहीस.

"म्हणूनच तर," तू म्हणालीस. "नवी साडी आधी आपण नेसायची नसते. आपल्या माणसाला द्यायची, तिने घडी मोडायची, मग आपण. तुझी आई नाही करत?"

करते. माझी आई पण करते, तिच्या बहिणींत, जावांत. पण इथे, या देशात, ते माझ्या वाट्याला येईल असं मला वाटलं नव्हतं. मी ती नेसून स्टेजवर गेले. दुसऱ्या दिवशी इस्त्री करून तुला परत दिली. गणपतीत तू ती नेसलीस आणि आरतीला आलेल्या प्रत्येकीला पदर दाखवून सांगितलंस, "हिची घडी मास्टर्सने मोडलीये बरं."

पुढे मी केंब्रिजला गेले, पीएचडीला. पण महिन्यातला एखादा तरी रविवार आपला नदीवर ठरलेला. तू पाण्यात, मी काठावर थर्मास आणि वही घेऊन. तू दर वेळी म्हणायचीस, "ये गं, गुडघाभर तर आहे." मी म्हणायचे, पुढच्या वेळी. तू पाण्यातून मला धडे द्यायचीस, मी येणार नाही हे माहीत असून. "हे बघ, पाय उचलायचा नाही, सरकवायचा. आधी तळ चाचपायचा, मग वजन टाकायचं. पाण्याला छाती द्यायची नाही, कूस द्यायची." मी मान डोलवायचे आणि सँडविच खायचे.

मागच्या सप्टेंबरअखेर ट्राउटचा हंगाम संपला तेव्हा तू म्हणालीस, "आता पुरे ही ठिगळं. नवे घ्यायचे, आणि असे घ्यायचे की परत घ्यायला नकोत." आपण दोघी कीथच्या दुकानात गेलो. ती सकाळ मला पूर्ण आठवते.

कीथने आधी निओप्रीनचे काढले, जाड, गादीसारखे. बदकांच्या शिकारीला हेच, तो म्हणाला, थंडीत दलदलीत उभं राहायचं, हलायचं नाही, ऊब धरून राहतात. तू ते हातात घेऊन वजन बघितलंस. मग त्याने हलके काढले, ज्यातून घाम बाहेर जातो पण पाणी आत येत नाही. नदीत चालायला, कुंपणं ओलांडायला हे. तुला दोन्ही हवं होतं. येत्या हिवाळ्यात तुला कीथबरोबर एकदा दलदलीवर जायचं होतं. बंदूक नको, फक्त उजाडताना बदकं उतरतात ती बघायची होती.

"वन पेअर वोन्ट डू बोथ, शैला," कीथ म्हणाला. एका जोडीत दोन्ही कामं व्हायची नाहीत.

तू माझ्याकडे वळून मराठीत म्हणालीस, "नवरा नाही का एकच असतो? त्यालाच सगळं जमवून घ्यावं लागतं."

"व्हॉट डिड शी से?" कीथने मला विचारलं. मी म्हटलं, ती विचार करतेय.

शेवटी तू हलके घेतले, पण पायांना आणि गुडघ्यांना जास्त थरांचं कापड असलेले. थंडीत आतून लोकरी पायजमा घालीन म्हणालीस. कीथने शिवणी दाखवल्या. टिकाऊपणा शिवणीत असतो, तो म्हणाला, आणि मापात. मांडीच्या आतल्या बाजूला शिवण जितकी कमी तितकं बरं, कारण घासतं तिथेच. ढगळ असेल तर कापड स्वतःलाच खातं. तू प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवलंस, टाके बघावेत तसं. मग दुकानातली नमुन्याची जोडी घालून बघितलीस, उकिडवी बसलीस, एक गुडघा छातीपर्यंत उचललास, स्टुलावर चढून उतरलीस. एक शाळकरी पोरगा तोंड उघडं ठेवून बघत होता. बायकांच्या मापाचे होते ते, पहिल्यांदाच तुझ्या अंगाला बसणारे, आणि आरशात बघून तू लाजलीस. खरंच लाजलीस मावशी.

फक्त एका गोष्टीवर कीथचं आणि तुझं जमेना. तुझा पाय चार नंबरचा. तू खोक्यातले कोरे मागितलेस ते पायाला पाच नंबरचे. तो म्हणाला, आत सैल पडेल, वळ्या येतील, घासेल. तू म्हणालीस, जाड मोजे घालते मी. त्याने खांदे उडवले. निघताना त्याने बजावलं, घरी गेल्यावर लगेच घडी उलगडा, पायांनी उलटे टांगा. घडी तशीच राहिली तर तिथे आतला थर तडकतो. तू शहाण्या मुलीसारखी मान डोलावलीस.

आणि घरी येऊन खोकं तसंच्या तसं जिन्याखाली सरकवलंस.

त्यावरून आपलं सगळ्या हिवाळ्यात भांडण झालं. थंडीत ट्राउट धरायची नसते, पण ग्रेलिंग नावाचा मासा चालतो. तू जुनेच वेडर्स घालून जात राहिलीस. दलदलीवर जायचं तू पुढच्या वर्षावर ढकललंस. काठावर येऊन बसायचीस, मोजे काढून पिळायचीस, बोटं निळी पडलेली.

"नवे घरी ठेवून हे काय चाललंय?"

"असू दे."

"निदान घडी तरी मोड. कीथने सांगितलंय ना, तडकतं म्हणून."

"असू दे घडी."

मला राग यायचा. तो राग तुझ्यावरचा नव्हता, ते आता कळतं. आमच्या घरी चांगली चादर ट्रंकेत, चांगली भांडी माळ्यावर, सगळं कधीतरी येणाऱ्या चांगल्या दिवसासाठी. पाहुण्यांचे कप होते, त्यातून आम्ही कधी चहा प्यालो नाही, आणि एक दिवस ते माळ्यावरून पडून फुटले. मी तुला हे सगळं ऐकवलं. म्हटलं, इतकं बघून टिकाऊ घेतलेस, ते कपाटात टिकायला घेतलेस का? तू मोजा पिळत म्हणालीस, "तुला नाही कळायचं."

मग तो फोन, मार्चमधला. तू म्हणालीस, "एप्रिलच्या एक तारखेला ट्राउट उघडते. तू ये. मग बघू तुझ्या त्या घडीचं."

"येते," मी म्हटलं. "मला पण काहीतरी दाखवायचंय."

"काय?"

"तेव्हाच."

"बरं बाई. तू पण लपव."

हे आपलं शेवटचं बोलणं. काही दिवसांनी सकाळी नीनाचा फोन आला आणि तिने नुसतं माझं नाव घेतलं, तेव्हाच मला समजलं.

मी काय लपवत होते ते आता सांगते. नोव्हेंबरपासून मी केंब्रिजच्या स्विमिंग पूलवर पोहायला शिकत होते. माझ्या वर्गात दोन पेन्शनर आजी आणि हात-पाय मारणारी पोरं. पहिल्या दिवशी मी कठडा सोडला नाही. नाताळपर्यंत तोंड पाण्यात घालू शकले. फेब्रुवारीत रुंदीच्या बाजूने एकदा पलीकडे गेले आणि पलीकडे जाऊन रडले. तुला फोन करायला हात शिवशिवला होता. पण मी ठरवलं होतं, एक तारखेला, काठावर, काही न बोलता बूट काढायचे आणि तुझ्याकडे चालत यायचं. तुझा चेहरा बघायचा.

परवाचं सांगते. मी खोकं परत बंद केलं तेव्हा नीना स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली आणि माझ्याजवळ जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, "हे तुझा आहे."

"माझे नाहीत गं. तिने स्वतःसाठी घेतले. मी होते बरोबर."

"नो, आय नो. पण मम्मी म्हणाली होती तू पहिला घालणार. मी तिला विचारला, मम्मी तुझे पाय सगळे वेट होतात, तू नवीन का नाही घालत? तर ती म्हणाली, ते साडीसारखा असतं. आधी ती घालेल, मग मी." नीनाने कप दोन्ही हातांत धरला होता. "शी वॉज वेटिंग फॉर यू टू गेट इन."

मावशी, पाच नंबर माझ्या पायाचा. तुला माहीत होतं. चार आणि पाच दोघींनाही चालतील असे तू घेतलेस, स्वतःच्या पायाला सैल, म्हणून कीथशी वाद घातलास. साडी कुणालाही पुरते, वेडर्स पुरत नाहीत, एवढाच तो फरक तू मिटवलास. आणि घडी. टिकाऊ वस्तू म्हणून शिवण-शिवण तपासलीस आणि एका घडीसाठी तिचं नुकसान होऊ दिलंस, कारण ती तू मोडायची नव्हती. नदीत वापरायच्या वस्तूला साडीचा नियम लावणारी बाई या सगळ्या देशात तू एकटीच असशील.

तू मला सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतं तर मी भिडेखातर उतरले असते. मी तुला सांगितलं नाही, कारण मला तुझा चेहरा बघायचा होता. त्या शेवटच्या फोनवर आपण दोघी एकाच दिवसाबद्दल बोलत होतो. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी मी फक्त म्हटलं असतं, मावशी, मी पोहायला जाते, तर तुझे पाय कोरडे राहिले असते. हा विचार मी दूर सारते आणि तो परत येतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आता बस कर, चहा गार होतोय." नीना तेच म्हणाली, इंग्रजीत.

काल एक तारीख होती. नीना आणि मी मेट्रोपॉलिटन लाइनने गेलो. गळ नेला नाही. तुझी पिशवी नेली. काठावर, मी नेहमी बसायचे त्या जागी, नीनाने दातांनी टॅगचा दोरा तोडला. मी वेडर्स झटकले तसा घडी उलगडल्याचा आवाज झाला, नव्या साडीचा होतो त्याहून जाड. गुडघ्यांच्या जरा वर आडवी पांढरट रेघ उमटली होती. तडकलं असेल का, मला वाटलं. तुझं स्पिरिट जवळ नव्हतं, बाबांचं घमेलंही नव्हतं. आता नदीच सांगणार होती.

पाय बरोबर बसला. मी कूस पाण्याकडे केली. पाय उचलला नाही, सरकवला. तळ चाचपला, मग वजन टाकलं. मावशी, हे तू कधीच सांगितलं नव्हतंस, की पाणी आत येत नाही पण सगळ्या बाजूंनी धरतं. घोट्याला, पोटरीला, गुडघ्याला, कुणीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरावं तसं. गार लागतं आणि कोरडंही राहतं. पुलाखाली जिथे तू उभी राहायचीस तिथवर गेले. कमरेएवढं पाणी, घडीची रेघ केव्हाच पाण्याखाली गेली होती. मी वाट बघितली. आत ओल आली नाही.

"आर यू ओके?" नीना काठावरून ओरडली. "पाणी आत आली?"

"नाही," मी ओरडले. "एक थेंब नाही."

मग मी बराच वेळ तिथे उभी राहिले. काठाकडे बघितलं तर माझ्या जागी नीना बसली होती, थर्मास मांडीवर घेऊन. तुला तिथून मी अशीच दिसत असेन इतकी वर्षं. किती जवळ होते मी. चार पावलांवर, आणि तू एकदाही चिडली नाहीस.

परत येताना काटेरी झुडपात अडकून डाव्या मांडीवर एक ओरखडा उठला. नीनाने जीभ चावली. मी म्हटलं, असू दे.

घरी आल्यावर मी ते साध्या साबणाने धुतले, तुझ्यासारखे, पावडर न घालता. आतून बाहेर उलटे करून वाळवले, मग परत सुलटे. ओरखडा हात फिरवून बघितला, वरवरचाच आहे. नीना म्हणाली, आता केंब्रिजला घेऊन जा. मी घेतले नाहीत. घडी मोडणारीने साडी परत करायची असते, एवढं मला नक्की माहीत आहे.

जिन्याखाली तुझ्या खुंटीला, तुझ्या जुन्या वेडर्सच्या शेजारी, पाय वर करून टांगले आहेत. घडी मोडली मावशी. आता तू घाल.